चुनखडकातलं प्रवाळ उजेडातलं की अंधारातलं? ओळखायची पद्धत, सोलापूरच्या फरशीपासून फाक्सच्या खाणीपर्यंत

सोलापूर जिल्ह्यात समुद्री प्रवाळाचा जीवाश्म मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सीनेच्या किंवा भीमेच्या काठावरून पांढरट, फाटे फुटलेले दगड पिशवीत भरून आणणारी हौशी मंडळी अधूनमधून भेटतात आणि त्यांची समजूत काढणं जिवावर येतं. ते दगड म्हणजे काळ्या मातीतली चुनखड. पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरलेला चुना पाणी उडून गेलं की भेगांमध्ये आणि मुळांभोवती साठत जातो, त्याचे गाठीगाठींचे खडे बनतात. मुळाभोवती बनलेला खडा हुबेहूब फांदीसारखा दिसतो, व्हिनेगर टाकलं की फसफसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, घबाड हाती लागलं. फोडून पाहा. आत मातकट चुना आणि त्यात अडकलेले वाळूचे कण असतात. प्रवाळाच्या आडव्या कापात दिसते तशी मध्याकडे जाणाऱ्या पडद्यांची नक्षी कुठेच नसते. आणि मातीखाली आहे तो बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात समुद्राच्या तळावरचं प्रवाळ येणार कुठून?

तरीही हा लेख सोलापुरातल्या वाचकाला समोर ठेवून लिहितोय. त्याला कारण आहे. दगड वाचायची ही पद्धत शिकायला लागणारं बहुतेक सामान आपल्या घरात, फरशीवाल्याकडे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतं. शिवाय भूगोलाच्या पुस्तकातून डोक्यात पक्कं बसलेलं एक समीकरण मोडायचं आहे: खडकात प्रवाळ दिसलं, की समुद्र उबदार, उथळ आणि स्वच्छ होता. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात. खडकासमोर उभं राहिल्यावर मात्र हे उत्तर कधी कधी साफ चुकतं.

अंधारात वाढणारं प्रवाळ

आज नॉर्वेपासून आयर्लंडपर्यंत अटलांटिकच्या थंड, काळोख्या पाण्यात लोफेलिया नावाचं फांद्या-फांद्यांचं प्रवाळ वाढतं. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याला डेस्मोफायलम पर्ट्युसम असं नाव दिलंय, पण जुनं नाव अजून सर्रास चालतं. त्याला 4 ते 12 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. लक्षद्वीपच्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनवून त्याला पोसतात. लोफेलियाकडे असे भाडेकरू नाहीत. प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव आणि सेंद्रिय कण पकडायचे, एवढाच त्याचा उदरनिर्वाह. म्हणून त्याला ऊन नसलं तरी चालतं, वाहतं पाणी मात्र लागतंच.

नॉर्वेच्या रोस्ट बेटांजवळ 2002 मध्ये अशा प्रवाळांची एक रांग सापडली. ती 300 ते 400 मीटर खोलीवर आहे आणि सुमारे 35 किलोमीटर लांब आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रतळावर उभ्या असलेल्या चॅलेंजर टेकाडाला 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने वरपासून तळापर्यंत भोक पाडलं. टेकाड 155 मीटर जाडीचं निघालं आणि त्याची सुरुवात सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीची. ते भरलंय मुख्यतः चिखलाने, प्रवाळाच्या तुकड्यांनी नव्हे. फांद्यांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, जुन्या फांद्या त्यात गाडल्या जातात आणि वरची टोकं वाढत राहतात. हजारो वर्षं हेच चाललं की टेकाड तयार. पुढे समुद्र हटला, तळ वर उचलला गेला, की तेच टेकाड चुनखडकात बंदिस्त होऊन आपल्यापुढे येतं.

अशा जुन्या टेकाडांना प्रवाळभिंत म्हणायची घाई करू नये, हे भूशास्त्रज्ञ कर्ट टायखर्ट यांनी 1958 मध्ये जोर देऊन मांडलं. तोवर खडकातली बरीच टेकाडं डोळे झाकून उष्ण कटिबंधाच्या खात्यात जमा होत होती.

इथे एक पाचर मारून ठेवतो. ‘खोल’ या शब्दाला फार चिकटू नका. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइम फियॉर्डमध्ये हेच लोफेलिया 39 मीटरवर वाढताना दिसतं, कारण तिथे तेवढ्यावरच पाणी थंड आणि अंधारं आहे. उलट उजेडावर जगणारी काही चपटी प्रवाळं स्वच्छ पाण्यात दीडशे मीटरपर्यंत उतरतात. मीटरमधली खोली खडकात थेट नोंदवली जात नाही. नोंद राहते ती उजेड होता की नव्हता याची. आपल्याला शोधायचं आहे तेच, आणि त्याचा पुरावा प्रवाळापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडे जास्त असतो.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं चालेल. पांढरं व्हिनेगर. वॉटर पेपर: 220, 400, 600 आणि जमलं तर 1000 नंबरचा. काचेचा जाड तुकडा, ॲसिटोन, सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक कागद, काचपट्ट्या आणि कॉलेजचा साधा सूक्ष्मदर्शक. फरशी धुवायचं हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड वापरू नका. ते फार तीव्र असतं आणि त्याची वाफ छातीत भरते. हायड्रोक्लोरिक आम्ल हवंच असेल तर प्रयोगशाळेतून सौम्य करून घ्या. स्वतः करायची वेळ आली तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. ॲसिटोन भुर्रकन पेटतं. त्याचं काम गच्चीवर किंवा खिडकीपाशी करा, गॅसच्या शेगडीपासून लांब. आणि मे महिन्यात दुपारी करूच नका. सोलापूरच्या उन्हात ॲसिटोन दगडावर पसरायच्या आत उडून जातं आणि कागदाखाली बुडबुडे राहतात. सकाळी सातच्या आत उरकावं.

आधी घरच्या फरशीवर हात बसवा

शहाबादी आणि तांदूरची फरशी भीमा खोऱ्यातल्या चुनखडकाची, ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातल्या नर्जी चुनखडकाचा, कोटा राजस्थानातल्या विंध्य खडकांचा. चारही चुनखडकच. ओट्यावर लिंबू सांडलं की जो पांढुरका डाग पडतो आणि गृहिणी वैतागते, ती हीच आम्लाची क्रिया. पण या चारही दगडांत प्रवाळ शोधून मिळणार नाही. ते बनले तेव्हा पृथ्वीवर सांगाडा असलेले प्राणीच नव्हते. सहाच्या पटीत पडदे असणारी आजची प्रवाळं तर ट्रायासिक काळातली, सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीपासूनची. शहाबादीचा चिखल त्यांच्यापेक्षा कितीतरी म्हातारा.

मग त्याचा उपयोग काय? जीवाश्म नसलेला शुद्ध चुन्याचा चिखल कसा दिसतो, हे इथे पाठ होतं. फरशीवाल्याकडून फुटका तुकडा मागा, फुकट देतो. ताजी फुटलेली बाजू ओली करून भिंगातून पाहा. कण दिसणार नाहीत, सगळं एकजीव. त्यातून जाणाऱ्या काळ्या, दातेरी, वेड्यावाकड्या रेषा म्हणजे दाबाखाली चुना विरघळून मागे उरलेली माती. पांढऱ्या सरळ रेषा म्हणजे भेगांत नंतर साठलेलं कॅल्साइट, चुन्याचे स्फटिक. फरशीच्या सांध्यांवर कधी कधी काळी, नेच्याच्या पानासारखी नाजूक नक्षी दिसते. अनेक जण ती जीवाश्म म्हणून जपून ठेवतात. ती मँगनीजच्या ऑक्साइडची वाढ आहे, कुठल्याही जीवाशी तिचा संबंध नाही. या तीन गोष्टी बाजूला काढायची नजर आली की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

पहिली पायरी: प्रवाळच आहे ना?

आता समजा तुमच्या हातात फांद्या दिसणारा चुनखडक आहे, कॉलेजच्या संग्रहातला किंवा पुढे सांगतो त्या ठिकाणांहून आणलेला. फांदीचा आडवा काप शोधा. प्रवाळ असेल तर काठाकडून मध्याकडे जाणारे पडदे दिसतात, सहाच्या पटीत. पडदे चार भागांत लागलेले वाटले तर ते फार जुन्या, पुराजीव महाकल्पातलं वेगळंच कुळ असू शकतं. त्याचं गणित निराळं, ते इथे घेत नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते ब्रायोझोआ. हे वसाहती करून राहणारे बारीक प्राणी, त्यांच्याही फांद्या असतात. पण त्यांची फांदी सहसा काडीपेक्षा जाड नसते आणि तिच्यावर मिलिमीटरपेक्षाही लहान छिद्रांच्या रांगा असतात, आत पडदे नाहीत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघजवळ क्रेटेशिअस काळाचा (सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा) एक थर आहे. जुन्या भूशास्त्रज्ञांनी त्याचं नाव प्रवाळ-चुनखडक ठेवलं, आणि तो भरलाय मुख्यतः ब्रायोझोआंच्या तुकड्यांनी. नाव मात्र तसंच राहिलं. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी भिंग लावावं ते यासाठी.

कधी प्रवाळ जागेवरच नसतं. त्याचा सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे चुन्याच्याच कॅल्साइटहून वेगळ्या स्फटिकरूपाचा, आणि ॲरागोनाइट लवकर विरघळतं. भोवतीचा चिखल तोवर दगड झालेला असतो, त्यामुळे उरते ती फांदीच्या आकाराची पोकळी. अशा पोकळीत थोडी टाल्कम पावडर फुंकायची, मुलांची खेळायची क्ले आत दाबायची आणि हलक्या हाताने ओढून काढायची. पडद्यांच्या खाचा क्लेवर उठतात, मोजताही येतात. पोकळी आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असेल तर क्ले तुटते. तिथे दातांचा साचा घ्यायला दंतवैद्य वापरतात तो मसाला बरा, कारण तो लवचीक राहतो.

दुसरी पायरी: काप आणि साल

वरवरच्या पाहण्यावर निकाल देऊ नका. फरशी कापणाऱ्याकडून दगडाचे दोन काप करून घ्या, एक थराला समांतर, एक थराला काटकोनात. त्याआधी दगडावर मार्करने ‘वर’ची दिशा बाणाने दाखवा. कापणारा दगड कसाही फिरवतो आणि नंतर वरचं-खालचं कळत नाही, मग पाचव्या पायरीचा सगळा पुरावा वाया जातो.

कापलेली बाजू काचेवर वॉटर पेपर ठेवून, पाणी घालत घासा. 220 पासून सुरुवात करा, आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरवर जाऊ नका. प्रत्येक बदलाच्या वेळी दगड आणि काच दोन्ही धुवा. 220 चा एक दाणा जरी राहिला तरी 600 वर चरचरीत रेघ ओढतो. गुळगुळीत झाल्यावर ती बाजू व्हिनेगरमध्ये काही मिनिटं बुडवा, किंवा दोनेक टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दहा-पंधरा सेकंद. मग साध्या पाण्याने धुऊन उभी ठेवून वाळवा. यानंतर त्या बाजूला बोट लावायचं नाही. आम्लाने उठवलेला उंच-सखलपणा इतका नाजूक असतो की एका स्पर्शाने मोडतो.

आता दगड वाळूत किंवा क्लेमध्ये रोवून ती बाजू अगदी सपाट, वर तोंड करून ठेवा. तिच्यावर ॲसिटोन ओता आणि लगेच ॲसिटेटचा कागद मधून खाली टेकवत कडांकडे सोडत न्या, म्हणजे हवा बाहेर निघून जाते. दाबू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी एका कोपऱ्यापासून हळू ओढा. कागदावर दगडाची साल उतरलेली असते, कणन्‌कण दाखवणारी. दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली घाला.

स्टेशनरीच्या दुकानात प्रोजेक्टरचे म्हणून मिळणारे पारदर्शक कागद बहुधा पॉलिएस्टरचे असतात, त्यांच्यावर काही उमटत नाही. दुकानातच कोपऱ्यावर ॲसिटोनचा थेंब टाकून बघा. कागद चिकट झाला तर ॲसिटेट, ढिम्म राहिला तर परत करा. ॲसिटेट नाहीच मिळालं तर वनस्पतिशास्त्राची मुलं पानाची रंध्रं पाहायला पारदर्शक नेलपॉलिश लावून चिकटपट्टीने उचलतात, ती युक्ती ढोबळ कामाला चालते.

तिसरी पायरी: उजेडाचे साक्षीदार

इथे घाई नको, निकाल बराचसा इथेच लागतो.

उजेडाशिवाय जगू न शकणारे आणि चुन्याचा सांगाडा मागे ठेवणारे जीव शोधायचे. चुना साठवणारी हिरवी शैवालं, लाल शैवालांचे बारीक जाळीदार कप्प्यांचे थर, आणि अंगात शैवाल पाळणारे मोठे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशी जीव), म्हणजे न्युम्युलाइटीससारख्या चपट्या गोल चकत्या. कच्छच्या इओसीन चुनखडकात या चकत्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. यांपैकी कोणी प्रवाळाच्या सोबतीला, जागच्या जागी असेल तर खोल अंधाराचा दावा तिथेच सोडून द्या.

‘जागच्या जागी’ हे शब्द महत्त्वाचे. उथळ भागातला गाळ वादळात किंवा भूकंपात उतारावरून घसरून खोल तळावर येऊन पडतो आणि त्यात शैवालांचे तुकडे असतातच. म्हणून नुसतं ‘शैवाल आहे’ अशी नोंद करू नका. ते कुठे आहे ते पाहा. लाल शैवालाचा थर प्रवाळाच्या फांदीला लपेटून वाढलेला असेल, त्या थरावर पुन्हा दुसरा प्रवाळ चढलेला असेल, तर दोघं एकत्र जगले. उलट शैवालाचे तुकडे झिजलेले, गोलसर, एकाच पातळ थरात साठलेले आणि त्या थरात कण खालून वर बारीक होत गेलेले असतील, तर ते पाहुणे आहेत, वरून घसरत आलेले. अशा थरावरून प्रवाळाचा पत्ता ठरवायचा नाही.

दुसरं, शिंपल्यांच्या तुकड्यांच्या कडा पाहा. उजेडात तळावर पडलेल्या शिंपल्याला सूक्ष्म शैवाल पोखरतात, ती भोकं चिखलाने भरतात आणि तुकड्याभोवती गडद किनार तयार होते. सालीवर ही किनार स्पष्ट दिसते. अंधारातही पोखरणारे असतात, बुरशी आणि स्पंज, पण स्पंजाची भोकं मोठी आणि गोलसर कप्प्यांची असतात, आणि तुकड्यामागून तुकड्याला सारखी गडद किनार सहसा येत नाही. बुरशीचं आणि शैवालाचं भोक नेमकं वेगळं काढायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, त्या भानगडीत आपण पडायला नको.

शैवाल नाही, किनार नाही, चकत्या नाहीत. एवढ्यावरून खोल पाणी सिद्ध होतं का? नाही. गढूळ किंवा थंड उथळ समुद्रातही उजेडाचे साक्षीदार कमी असू शकतात. नसणं हा अर्धा पुरावा. उरलेला अर्धा चिखलातून यावा लागतो.

चौथी पायरी: चिखल

फांद्यांच्या मधला भाग पाहा. खळबळत्या उथळ पाण्यात चिखल टिकत नाही, तिथे धुतलेले वाळूसारखे कण आणि त्यांच्यामधल्या जागेत नंतर वाढलेलं स्वच्छ कॅल्साइट दिसतं. खोल टेकाडात फांद्यांमध्ये शहाबादीत पाहिला तसा एकजीव चिखल भरलेला असतो. फरक इतकाच की या चिखलात जीव आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घोसासारखे तीन-चार फुगीर कप्पे एकत्र असलेले बारीक गोळे दिसले, तर ते तरंगणारे फोरॅमिनिफेरा. ते वरच्या पाण्यात जगतात आणि मेल्यावर तळाशी पडतात. उघड्या समुद्राच्या चिखलात त्यांची रेलचेल असते, किनाऱ्याजवळ ते मोजकेच.

मोजायचं असेल तर सालीवर पारदर्शक आलेख कागद ठेवा, रेषा जिथे छेदतात तिथे काय आहे ते लिहा: प्रवाळ, चिखल, कॅल्साइट, इतर शंख-शिंपले. तीनशे छेद मोजले तरी अंदाज पुरेसा चांगला येतो. खोल टेकाडात चिखलाचा आकडा प्रवाळाच्या आकड्याला सहसा मागे टाकतो.

पाचवी पायरी: किती जाती, कशा उभ्या

उथळ प्रवाळभिंतीत घुमट, पाट्या, झुडपं, थाळ्या असे नाना आकार आणि बऱ्याच जाती एकत्र नांदतात. अंधाऱ्या टेकाडात एक-दोन, फार तर तीन जाती, आणि जवळजवळ सगळ्या बारीक फांद्यांच्या. मोठा घुमटाकार प्रवाळ जागच्या जागी दिसला तर पुन्हा तिसऱ्या पायरीकडे वळा.

फांद्या उभ्या आहेत की आडव्या पडलेल्या, तेही नोंदवा. टेकाडात मोडून पडलेल्या फांद्याच जास्त असतात, हे सामान्यच. वरचं-खालचं ठरवायला उपडे शिंपले शोधा. त्यांच्या पोटात चिखल शिरून तळाशी सपाट बसतो आणि वरची रिकामी जागा नंतर कॅल्साइटने भरते. चिखल आणि कॅल्साइट यांच्यातली रेषा त्या वेळची क्षितिजरेषा. आजूबाजूचे थर त्या रेषेशी तिरके असतील, तर ते मूळचेच उतारावर साठलेले, म्हणजे तुम्ही टेकाडाच्या कुशीवर आहात.

सहावी पायरी: लांबून पाहा

हातातला दगड पुरेसा नाही, टेकाड खाणीच्या भिंतीवर दिसतं. मागे सरका आणि भिंतीचं रेखाचित्र काढा. फोटो हवेतच, पण रेखाचित्र काढताना डोळा जास्त पाहतो. न्यूझीलंडमधल्या खडकांवर काम करताना डोनाल्ड स्क्वायर्स यांनी 1964 मध्ये वाढीचा एक क्रम मांडला: आधी एकटीदुकटी वसाहत, मग गर्द झुडूप, मग झुडपाभोवती मोडक्या फांद्यांची रास, आणि शेवटी राशीवर पुन्हा प्रवाळ चढून बनलेलं टेकाड. भिंतीवर खालून वर हाच क्रम लागतो का ते पाहा. तळाशी कठीण पृष्ठभाग किंवा शिंपल्यांचा थर असावा, कारण प्रवाळाच्या पिल्लाला चिकटायला घट्ट जागा लागते, मऊ चिखलावर ते रुजत नाही.

समुद्राच्या लाटांनी घासलेला सपाट माथा, आणि त्यामागे शांत पाण्याचं सरोवर असल्याच्या खुणा दिसल्या तर ती उथळ भिंत. खोल टेकाडाला माथा असतो, पण तो लाटांनी छाटलेला नसतो.

चार बाबी एका बाजूला आल्या की निकाल लिहा: उजेडाचे साक्षीदार जागेवर नाहीत, चिखलात तरंगणारे फोरॅमिनिफेरा भरपूर, प्रवाळाच्या जाती मोजक्या आणि फांद्यांच्या, टेकाडावर लाटांच्या खुणा नाहीत. तीन जुळल्या आणि एक उलटी गेली तर वहीत ‘अनिश्चित’ लिहा आणि उलट गेलेली बाब कोणती तेही लिहा. ऑक्सिजन आणि कार्बनच्या समस्थानिकांवरूनही प्रवाळ शैवाल पाळणारं होतं का ते कळू शकतं, पण सांगाडा मूळ ॲरागोनाइटचा उरला असेल तरच. कॅल्साइटमध्ये बदललेल्या नमुन्यावर ती चाचणी करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कुठे पाहायचं

सोलापूरहून चेन्नईकडे जाणारी गाडी शहाबादच्या खाणी ओलांडून पुढे जाते. चेन्नईहून तिरुचिरापल्लीच्या वाटेवर अरियलूर लागतं. या भागात क्रेटेशिअस काळाचे समुद्री थर आहेत. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या कल्लकुडीजवळचा प्रवाळ-शैवाल चुनखडक सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात लाल शैवाल ठासून भरलंय. म्हणजे उजेडातला. माझ्या मते शिकणाऱ्याने आधी हाच पाहावा. उजेडाचे साक्षीदार एकदा डोळ्यांत भरले की दुसरीकडे ते नसल्याचं पटकन जाणवतं. कामं चालू असलेल्या खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. कॉलेजच्या पत्रावर आधी लिहून विचारा, हेल्मेट आणि पायात बूट हवेतच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पावसाचे, मे भाजून काढणारा. जानेवारी-फेब्रुवारी धरा.

अंधारातलं टेकाड पाहायचं असेल तर जगात सगळ्यात सोयीची जागा डेन्मार्कमधली फाक्सची खाण. घरातलं कोणी युरोपात शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्यांना आवर्जून पाठवा. तिथला चुनखडक सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या पायाखालचा लाव्हा थिजल्यावर तीसेक लाख वर्षांत तिथे टेकाडं उभी राहत होती. मुख्य प्रवाळं तीनच: डेन्ड्रोफायलिया, फाक्सेफायलिया आणि ऑक्युलिना. तिघंही फांद्यांची. शैवाल नाही. टेकाडांच्या शेजारी ब्रायोझोआंची टेकाडं, त्यामुळे पहिल्या पायरीचा सरावही तिथेच होतो. फांद्यांच्या आडोशाला राहणारे खेकडे, गोगलगायी, शार्कचे दात मिळतात. या काळाला भूशास्त्रात डेनियन म्हणतात, ते नाव एदुआर देसोर यांनी 1847 मध्ये याच परिसरातल्या खडकांवरून दिलं. गंमत म्हणजे फाक्समधला, नॉटिलस या शंखात राहणाऱ्या समुद्री जीवाचा भाऊबंद, हर्कोग्लोसा डॅनिका, अरियलूर भागातल्या निनियूर थरांतही नोंदलेला आहे. तिथे तो शैवालांच्या संगतीत सापडतो, फाक्समध्ये अंधारातल्या प्रवाळांच्या. काळ एक, पाणी वेगळं.

फाक्समध्ये हौशी लोकांना जीवाश्म गोळा करता येतात आणि जवळच्या संग्रहालयात हातोडी-छिन्नी भाड्याने मिळते. मात्र वैज्ञानिकदृष्ट्या असामान्य असा नमुना सापडला तर डेन्मार्कच्या कायद्याने तो सरकारजमा करावा लागतो, सापडणाऱ्याला मोबदला मिळतो.

तुलनेसाठी आजचं प्रवाळ हवं म्हणून कोकणातल्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रावरून तुकडा उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे, मेलेला तुकडाही बाळगता येत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेवरचं प्रवाळ, आपल्या राज्याच्या सर्वांत जवळचं मोठं, तेही उजेडातलंच आहे. भारतीय समुद्रातल्या खोल पाण्यातल्या प्रवाळांवर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे आल्फ्रेड अल्कॉक यांनी 1898 मध्ये सविस्तर लिहिलं. इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजाने ते नमुने तळावरून वर काढले होते. त्यातली चित्रं पडदे मोजायच्या सरावाला उत्तम.

नमुना आणलात की त्याच दिवशी चिठ्ठी लिहा: गाव, खाणीची कोणती भिंत, थर तळापासून किती उंचीवर, वरची दिशा, तारीख. चिठ्ठी दगडाला चिकटवा, पिशवीला नव्हे. पिशव्या बदलतात. काप आणि साल यांच्यावरही तोच क्रमांक घाला. अडलात तर सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात दगड, साल आणि वही तिन्ही घेऊन जा. नुसता मोबाइलमधला फोटो दाखवलात तर समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारेल तो ‘वरची बाजू कोणती?’ हाच.